पडेल त्या जागी

कर्जत स्थानकात पुण्याकडे जाणारी गाडी थांबली म्हणजे तिच्या शेपटाशी आणखी इंजिने जोडली जातात. बोरघाटातून आगगाडीचा मार्ग १८६३ मध्ये खुला झाला. त्यानंतर कोळसा गेला, वीज आली, डब्यांचे रंग पालटले. परंतु बहुतेक गाड्यांस मागून रेटा मिळाल्यावाचून हा चढ अद्याप चढवत नाही. लोणावळ्यास ही इंजिने सुटतात आणि पुढच्या गाडीसाठी पुन्हा घाट उतरून खाली येतात. वेळापत्रकात त्यांचे नाव नसते. कर्जत-खालापूरकडील लोकांस हे दृश्य इतके सवयीचे झालेले आहे की त्यात विचार करण्याजोगे काही असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र तेथे थोडे थांबावयास हरकत नाही. कारण त्याच्या कागदपत्रांतही पुढे धावणाऱ्यांची नोंद ठळक असते. मागून रेटा देणाऱ्यांची नोंद शोधून काढावी लागते, आणि पुष्कळदा ती सापडतही नाही.

हा विचार राजकारणाच्या इतिहासास जितका लागू पडतो तितकाच खेळाच्या इतिहासासही पडतो. अमेरिकेतील बेसबॉलच्या खेळात एका विशिष्ट प्रकारच्या खेळाडूस स्वतंत्र संज्ञा आहे. आपण त्यास ‘पडेल त्या जागेचा खेळाडू’ म्हणू. बेसबॉलमध्ये क्षेत्ररक्षणाच्या जागा नऊ, आणि प्रत्येक जागेचा कसबी निराळा. परंतु एखादा जायबंदी झाला, एखादा थकला, की त्या जागी कोणास उभे करावयाचे? त्यासाठी संघात एक मनुष्य असा ठेवतात की ज्याला कोणतीही जागा परकी वाटू नये. पोर्तो रिकोचा होजे ओकेन्दो हा सेंट लुइसच्या संघाकडून १९८८ च्या एका हंगामात या नवाही जागी खेळला. पुढे त्याच संघाचा तो शिक्षक झाला, आणि मैदानाच्या कडेला उभा राहून धावणाऱ्यांस ‘थांब’ किंवा ‘धाव’ असा इशारा देण्याचे काम त्याने वर्षानुवर्षे केले. अशा खेळाडूंची कदर करण्याची बुद्धी त्या देशासही जरा उशिराच झाली. क्षेत्ररक्षणाच्या मानाच्या पारितोषिकांत त्यांच्यासाठी निराळा वर्ग करण्यात आला तो २०२२ मध्ये.

आपल्याकडे क्रिकेटमध्ये ‘अष्टपैलू’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. जो फलंदाजी आणि गोलंदाजी दोन्ही उत्तम करतो तो अष्टपैलू, यात वाद नाही. विनू मंकड असे होते. दत्तू फडकर असे होते. परंतु ज्याचे कोणतेही एक अंग डोळे दिपविणारे नाही, आणि तरीही ज्याच्यावाचून ऐन वेळी संघाचे अडते, अशा मनुष्यास आपल्या भाषेत अजून धड नाव मिळालेले नाही. त्या जातीचा मराठी खेळाडू शोधू गेल्यास प्रस्तुत लेखकास सर्वांत आधी आठवतात ते लेफ्टनंट कर्नल हेमचंद्र रामचंद्र अधिकारी, म्हणजेच क्रिकेटच्या जगातील हेमू अधिकारी. त्यांचा जन्म पुण्यास ३१ जुलै १९१९ रोजी झाला आणि २५ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईस त्यांचे निधन झाले. बोरघाटाची ही दोन टोके आणि त्यांच्यामधले चौऱ्याऐंशी वर्षांचे आयुष्य. पण ते सरळ रुळांवरून गेले नाही.

प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये अधिकाऱ्यांनी १९३६-३७ च्या हंगामात, सतराव्या वर्षी, प्रवेश केला. पुढे गुजरात, बडोदा, पंचरंगी सामन्यांतला हिंदूंचा संघ आणि अखेरीस सेनादल असे त्यांचे संघ बदलत गेले. ज्या वयात फलंदाजाची नजर सर्वांत तीक्ष्ण असते, त्या वयात जगात महायुद्ध पेटलेले होते आणि कसोटी सामने बंद होते. त्यांस पहिला कसोटी सामना मिळाला तो नोव्हेंबर १९४७ मध्ये ब्रिस्बेन येथे, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. त्या सामन्यापासून फेब्रुवारी १९५९ मधील त्यांच्या अखेरच्या सामन्यापर्यंत भारताने एकूण ४७ कसोटी सामने खेळले. त्यांपैकी अधिकाऱ्यांच्या वाट्यास आले २१. निम्म्याहूनही कमी! लष्कराची नोकरी हे त्याचे एक मोठे कारण होते. पलटणीतल्या अधिकाऱ्याला मैदानापेक्षा हुकूम मोठा. निवडसमितीची लहर हे दुसरे कारण. पडेल त्या जागेच्या खेळाडूचे दैवच असे असते की, जागा पडली तर त्याची आठवण होते आणि जागा भरलेली असली तर तो सर्वांत आधी वगळला जातो.

या २१ सामन्यांत त्यांनी ३१.१४ च्या सरासरीने ८७२ धावा केल्या आणि तीन बळी घेतले. नुसते आकडे पाहणारा वाचक येथेच पान उलटील. परंतु त्या धावा कोणत्या वेळी झाल्या हे पाहावयास हवे. इतिहासात घटनेइतकेच तिच्या प्रसंगास मोल असते.

जानेवारी १९४८, अ‍ॅडलेड. ऑस्ट्रेलियाने ६७४ धावांचा डोंगर रचलेला. त्यांत ब्रॅडमनच्या २०१. या सामन्यात विजय हजाऱ्यांनी दोन्ही डावांत शतके काढली, ही गोष्ट क्रिकेटच्या प्रत्येक रसिकास ठाऊक आहे. परंतु दुसऱ्या डावात ११६ नंतरचे ते १४५ धावांचे शतक पुरे होण्यास दुसऱ्या टोकाला कोणीतरी उभे राहणे आवश्यक होते. सातव्या जोडीसाठी १३२ धावांची भर पडली, आणि त्या जोडीतला दुसरा मनुष्य हेमू अधिकारी होता. त्याच्या स्वतःच्या धावा ५१. सामना भारत हरलाच. पण हजाऱ्यांचा पराक्रम अर्धवट राहिला नाही.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात दिल्लीच्या फिरोजशहा कोटला मैदानावर वेस्ट इंडीजविरुद्धचा पहिला सामना झाला. पाहुण्यांच्या चौघांनी शतके ठोकून ६३१ धावा केल्या. भारताच्या डावात खालच्या क्रमांकावर येऊन अधिकाऱ्यांनी नाबाद ११४ धावा केल्या, आणि पुन्हा खेळण्याची पाळी आल्यावर ते दुसऱ्या डावातही नाबाद राहिले. सामना अनिर्णित सुटला. त्यांचे कसोटीतले हे एकमेव शतक.

तिसरा प्रसंग ऑक्टोबर १९५२ चा, त्याच मैदानावरचा. फाळणीनंतर भारत आणि पाकिस्तान प्रथमच कसोटी सामन्यासाठी समोरासमोर उभे ठाकले होते. खेळाखेरीज त्या सामन्यावर किती भावनांचा भार असेल, हे सांगावयास नको. भारताचे नऊ गडी २६३ धावांवर बाद झाले होते. अखेरच्या जोडीस आले गुलाम अहमद. हे फिरकी गोलंदाज, फलंदाज नव्हेत. समोर अधिकारी. या दोघांनी १०९ धावा जोडल्या. गुलाम अहमद यांच्या ५० आणि अधिकाऱ्यांच्या नाबाद ८१. पुढे विनू मंकडांनी सामन्यात तेरा बळी घेतले आणि भारत एक डाव व ७० धावांनी विजयी झाला. या सामन्यास ‘मंकडांचा सामना’ म्हणतात, आणि ते यथार्थच आहे. परंतु दहाव्या जोडीचा तो भारतीय विक्रम पुढे बावन्न वर्षे अबाधित राहिला. २००४ मध्ये ढाक्यास सचिन तेंडुलकर व झहीर खान यांनी तो मोडला.

या तिन्ही प्रसंगांत एक साम्य आहे. प्रत्येक वेळी कोणीतरी दुसरा खेळत होता, आणि त्याला खेळता यावे म्हणून हा मनुष्य एक टोक धरून उभा होता. गुलाम अहमदांसारख्याकडून पन्नास धावा करवून घेणे ही गोष्ट धावफलकात गुलाम अहमदांच्या नावापुढे लिहिली जाते. आपल्यापेक्षा कमी कसबाच्या मनुष्याला धीर देऊन, त्याच्या वाट्याचे कठीण चेंडू स्वतःकडे ओढून घेऊन, त्याच्याकडून त्याच्या ऐपतीपलीकडचे काम करवून घ्यावयाचे, यालाच शिकविणे म्हणतात. अधिकाऱ्यांच्या अंगचा शिक्षक पुढे निवृत्तीनंतर जन्मास आला असे नव्हे. तो १९५२ साली दिल्लीच्या खेळपट्टीवरच उभा होता.

सेनादलाच्या संघाने या गुणाची आणखी साक्ष दिली. रणजी करंडकाच्या स्पर्धेत सेनादलाचा संघ म्हणजे मुंबई किंवा बडोद्याप्रमाणे पिढ्यान्‌पिढ्यांच्या क्रिकेटवर पोसलेला संघ नव्हे. आज एका छावणीत तर उद्या दुसऱ्या छावणीत असलेल्या जवानांचा व अधिकाऱ्यांचा तो मेळ. अधिकाऱ्यांच्या कारकिर्दीत हा संघ १९५६-५७ आणि १९५७-५८ अशी लागोपाठ दोन वर्षे अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. एकदा मुंबईपुढे आणि एकदा बडोद्यापुढे तो हरला. करंडक मिळाला नाही म्हणून ही हकीकत आज फारशी कोणी सांगत नाही.

कसोटी क्रिकेटने त्यांना अखेरचे बोलावणे धाडले ते घराला आग लागल्यावर. १९५८-५९ च्या हंगामात हॉल आणि गिलख्रिस्ट या दोन तोफांसह वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला. कलकत्त्याच्या तिसऱ्या सामन्यात भारत एक डाव व ३३६ धावांनी हरला. पाच सामन्यांत चार कर्णधार झाले : उम्रीगर, गुलाम अहमद, विनू मंकड आणि पाचव्या सामन्यासाठी हेमू अधिकारी. वय एकोणचाळीस, त्या मालिकेतला त्यांचा हा एकच सामना आणि कर्णधार म्हणून आयुष्यातलाही एकच. पाहुण्यांनी ८ बाद ६४४ धावा केल्या. त्यांतले तीन बळी अधिकाऱ्यांनी आपल्या लेग-ब्रेक गोलंदाजीने घेतले. वर सांगितलेले त्यांचे कसोटीतले तीन बळी ते हेच. फलंदाजीत त्यांनी ६३ आणि ४० धावा केल्या. याच सामन्यात पुण्याच्या तरुण चंदू बोर्ड्यांनी १०९ आणि ९६ धावा काढून नाव मिळविले. सामना अनिर्णित राहिला. लाज राखली गेली. फलंदाजी, गोलंदाजी, नेतृत्व, जी जागा पडली होती ती प्रत्येक भरून हा लष्करी गृहस्थ आपल्या पलटणीकडे परत गेला. पुढच्या इंग्लंडच्या दौऱ्यावर त्यांचे नाव नव्हते.

येथवर त्यांच्या क्षेत्ररक्षणाविषयी काही लिहिले नाही. कारण त्याविषयी लिहिण्यास धावफलक मदत करीत नाही. कव्हरच्या जागी त्यांच्यासारखा चपळ मनुष्य त्या काळच्या भारतीय संघात विरळा होता, असे त्यांच्या समकालीनांचे मत आहे. परंतु झेल घेतला तर त्याची नोंद होते. अडविलेल्या धावांची होत नाही. खालापूर तालुक्यातल्या वाचकांस येथे उंबरखिंडीची आठवण व्हावी. १६६१ मध्ये त्या खिंडीत कारतलबखानाची फौज अडकली आणि शरण आली. त्या विजयाचे श्रेय शिवाजीमहाराजांस आहे, आणि ते निर्विवाद आहे. परंतु ज्या मावळ्यांस रानात नेमून दिलेल्या जागी शत्रू खिंडीत पुरता शिरेपर्यंत गप्प बसावयाचे होते, त्यांपैकी एकाने जरी उतावळेपणा केला असता तरी बेत फसला असता. जागा धरून राहणे हे निष्क्रियतेचे लक्षण नव्हे. तो पराक्रमाचाच एक कठीण प्रकार आहे, आणि त्याची नोंद ठेवणारी वही अजून कोणी काढलेली नाही.

अधिकारी शिक्षक झाले ते ही जाणीव घेऊन. शाळकरी व उदयोन्मुख खेळाडूंच्या शिबिरांतून त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. लष्करी शिस्त, शारीरिक तयारी आणि क्षेत्ररक्षण या तीन गोष्टींवर त्यांचा कटाक्ष असे. त्या वेळच्या भारतीय क्रिकेटमध्ये क्षेत्ररक्षणास सावत्र मुलाची वागणूक होती. फलंदाज फलंदाजीचा सराव करी, गोलंदाज गोलंदाजीचा; चेंडूमागे धावणे हा उरलेल्या वेळेतला उद्योग. पळण्यास आणि वाकण्यास प्रतिष्ठा मिळवून द्यावयाची, तर ज्याची स्वतःची उभी कारकीर्द त्यावर झाली आहे असाच मनुष्य हवा होता.

१९७१ च्या इंग्लंड दौऱ्यावर अधिकारी भारतीय संघाचे व्यवस्थापक म्हणून गेले. त्या काळी व्यवस्थापक म्हणजे केवळ सामानसुमानाचा आणि हिशेबाचा मालक नव्हे; वेगळा प्रशिक्षक नेमण्याची पद्धत नसल्याने ते कामही त्याच्याकडेच असे. भारताने इंग्लंडमध्ये पहिला कसोटी सामना १९३२ मध्ये खेळला होता, आणि त्यानंतर एकोणचाळीस वर्षांत त्या भूमीवर एकही सामना जिंकला नव्हता. १९५९ मध्ये पाचही सामने गेले, १९६७ मध्ये तिन्ही. अजित वाडेकरांच्या नेतृत्वाखालील या संघाने पहिले दोन सामने अनिर्णित राखले. ओव्हलच्या तिसऱ्या सामन्यात दुसऱ्या डावात इंग्लंड १०१ धावांत गारद झाले. चंद्रशेखरांनी ३८ धावांत सहा बळी घेतले, आणि २४ ऑगस्ट रोजी, गणेशचतुर्थीच्या दिवशी, भारताने चार गडी राखून विजय मिळविला.

हा विजय चंद्रशेखरांचा, हे खरे. परंतु तो १०१ धावांचा डाव जरा बारकाईने वाचावा. दहा बळींपैकी सात झेलबाद आहेत आणि एक धावबाद. जेमसन धावबाद झाला तो चंद्रशेखरांच्या हाताला चेंडू चाटून पलीकडच्या यष्ट्यांवर आदळला म्हणून. तो दैवाचा भाग सोडून देऊ. परंतु सोलकरांनी फलंदाजाच्या पुढ्यात उभे राहून, जमिनीवर झोकून देऊन नॉटचा जो झेल घेतला, तो दैवाचा नव्हता. डॉलिव्हेराचा झेल तर अकरांत नसलेल्या जयंतीलालने घेतला. बदली म्हणून मैदानात आलेल्या मुलाने! हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा एकनाथ सोलकर हा स्वतः अधिकाऱ्यांच्याच जातीचा खेळाडू. सहाव्या-सातव्या क्रमांकावर फलंदाजी, नवा चेंडू टाकावयाचा तर तो, फिरकी हवी तर ती, आणि उरलेला वेळ फलंदाजाच्या बॅटीपासून हातभर अंतरावर. सोलकरांस अधिकाऱ्यांनी घडविले असे म्हणण्यास आधार नाही, आणि तसे म्हणण्याची आवश्यकताही नाही. एवढे मात्र म्हणता येईल की, ज्या संघाच्या मुखत्याराने आयुष्यभर अशी कामे केली होती, त्या संघात सोलकरांच्या कामाचे मोल सांगावे लागत नव्हते.

आता दुसरी बाजू. १९७४ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर हेच व्यवस्थापक गेले आणि हेच कर्णधार. या खेपेस तिन्ही सामने गेले. लॉर्ड्सच्या मैदानावर दुसऱ्या डावात अवघा संघ ४२ धावांत कोसळला. संघात कुरबुरी होत्या, मैदानाबाहेरच्या भानगडी होत्या, आणि लष्करी शिस्तीने त्यांवर इलाज झाला नाही. परत आल्यावर वाडेकरांचे कर्णधारपद गेले आणि त्यांनी निवृत्ती घेतली. तीन वर्षांपूर्वीचे श्रेय शिक्षकाला द्यावयाचे असेल, तर हे अपश्रेयही त्याच्याच पदरात टाकावे लागेल, असे कोणी म्हणेल. आक्षेप योग्य आहे. त्यास बगल देऊन चालणार नाही.

त्यावर प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे की, शिक्षकाच्या कामाचा हिशेब एका दौऱ्याच्या जमाखर्चात बसतच नाही. ओले हवामान, हलता चेंडू, दमदार प्रतिस्पर्धी आणि विसकटलेली मने यांपुढे शिस्त हे पुरेसे हत्यार नाही, हे १९७४ ने दाखविले. मागून लागणारे इंजिन चढणीवर रेटा देईल. पुढच्या इंजिनाचा चालकच जर वाटेत थबकला, तर नुसत्या रेट्याने गाडी जाणार नाही. परंतु ज्या गोष्टींवर अधिकाऱ्यांनी भर दिला होता त्या १९७४ च्या पराभवाबरोबर बुडाल्या नाहीत. क्षेत्ररक्षणाचा स्वतंत्र सराव, शारीरिक तयारी, कोवळ्या वयातल्या मुलांची शिबिरे या गोष्टी हळूहळू भारतीय क्रिकेटच्या नित्यक्रमात आल्या. पुढे १९९० नंतरच्या दशकात वाडेकर स्वतः भारतीय संघाचे व्यवस्थापक व मार्गदर्शक झाले, आणि कर्णधाराच्या मागे उभे राहण्याचे काम १९७१ च्या त्या विजयी कर्णधाराच्याही वाट्यास आले.

सुशिक्षित घरांतून मुलांस जे आदर्श सांगितले जातात ते बहुधा पहिल्या क्रमांकाचे असतात. त्यात वावगे नाही. परंतु पहिला क्रमांक एकच असतो आणि मुले पुष्कळ असतात, ही साधी गोष्ट आपण विसरतो. भाताची कापणी झाली की कर्जत आणि खालापूरच्या गावागावांतल्या मोकळ्या खाचरांत क्रिकेटचे डाव रंगतात. तेथे प्रत्येकाला सलामीला जावयाचे असते आणि प्रत्येकाला गोलंदाजी हवी असते. बांधापलीकडे गेलेला चेंडू आणावयास धावणारा, यष्टिरक्षक नसला की मुकाट्याने यष्ट्यांमागे बसणारा आणि सहा गडी बाद झाल्यावर बॅट हाती घेणारा एखादा मुलगा अशा प्रत्येक डावात असतो. त्याला ‘तुला नक्की काय येते?’ असे विचारणारे पुष्कळ भेटतात. हेमू अधिकाऱ्यांस हा प्रश्न निवडसमितीने बारा वर्षे विचारला, आणि प्रत्येक वेळी सामना अडचणीत आल्यावर त्यांनी त्याचे उत्तर दिले. त्या मुलाच्या शिक्षकांनी आणि वडिलांनी हा प्रश्न विचारण्यापूर्वी दिल्लीचा १९५२ चा धावफलक एकदा काढून पाहावा. त्यात अखेरच्या जोडीसमोर १०९ हा आकडा आहे. आणि तो नसता, तर मंकडांच्या तेरा बळींस पाठीशी किती धावा उरल्या असत्या, याची वजाबाकी कोणत्याही शाळकरी मुलास करता येईल.